बॅकअप झालाय म्हणतंय

डिस्क भरली की कॉम्प्युटर निदान सांगतो तरी, जागा संपली, काहीतरी काढा. माणसाच्या डोक्याला ती सोय नाही. बेळगावात शहापूरला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तिथं मी चौदा वर्षं लोकांच्या डिस्क उघडते आहे, आणि किस्से असे साठलेत की एक सांगायला घेतला तर त्याचं शेपूट धरून आणखी चार बाहेर येतात. परवा गुंजीहून कामावर येताना गाडीत मैत्रिणींना दोन सांगितले, तर खानापूर कधी गेलं कळलं नाही. त्या म्हणाल्या, "लिहून काढ की गं सुजाता, आमी तरी किती जणींस्नी सांगायचं?" म्हणून लिहायला बसले.

दुकान अण्णांचं, मी त्यांच्या हाताखाली. अण्णांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, आणि कॉम्प्युटर आले तेव्हा "ह्यात पण वायरीच की" म्हणून तेही. मी कामाला लागले तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडं बघून अण्णांना विचारायचं, "मेकॅनिक कवा येणार?" अण्णा मान वर न करता म्हणायचे, "सकाळीच आलीया. तुमीच उशिरा आलाय." हल्ली कुणी विचारत नाही.

माझ्या वाट्याला बहुतेक बॅकअपची भांडणं येतात. बॅकअप म्हणजे आपल्या कामाची दुसऱ्या डिस्कवर ठेवलेली नक्कल, घराची एक किल्ली शेजारी ठेवतो तशी. ती नक्कल रोज आपोआप करायला एक सॉफ्टवेअर असतं. त्या सॉफ्टवेअरचं आणि डिस्कचं पटलं तर कुणाला काही पत्ता लागत नाही. बिनसलं तरी पत्ता लागत नाही, हीच तर गंमत. बिघाड कळतो तो नक्कल हवी असते त्या दिवशी, आणि त्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य बोलतं, "पण बॅकअप झालाय म्हणतंय ओ." या वाक्यावर एकदा मी स्वतःच विसंबले आणि एका बाईचं होतं नव्हतं ते घालवून बसले. तो किस्सा शेवटी सांगते.

*

निपाणीचे महादेवराव लग्नाचे फोटो काढतात. त्यांचा फोन आला, "मॅडम, रोज दुपारी एकाच्या ठोक्याला कॉम्प्युटर झोपतंय ओ. माउस सुदीक हलत न्हाय."

मी गेले. बघते तर बॅकअपची तीन सॉफ्टवेअरं. एक भाच्यानं घातलेलं, एक डिस्कबरोबर फुकट आलेलं, आणि तिसरं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत बघून स्वतः घेतलेलं. महादेवराव एक वाजता जेवायला घरी जातात, म्हणून तिन्हींची वेळ एकाच्या ठोक्याची. पहिलं सॉफ्टवेअर फोटोंची डिस्क अडवून बसायचं. दुसरं म्हणायचं, डिस्क कामात आहे, थांबतो. तिसरं थांबायला तयार नव्हतं, ते दर दहा सेकंदांनी दार वाजवायचं. पुढे पहिलंही दमून सोडून द्यायचं. आठ महिन्यांत एकाही लग्नाची नक्कल झालेली नव्हती.

अण्णांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, "पंगतीत तिघं बसलेत आणि वाढपी एक. ज्यो त्यो त्याचा हात धरून वडतोय. कोण जेवणार मग?"

मी दोन सॉफ्टवेअरं काढून टाकली. महादेवराव मागं उभे होते, पाहुण्यांना हाकलताना बघावं तसा चेहरा करून. म्हणाले, "एखादं जास्तीचं राहू द्या की ओ. माणसाला धीर असतोय." मी नाही ऐकलं.

आठवड्यानं त्यांचा पुन्हा फोन. "मॅडम, एकदम झ्याक चाललंय. पंधरा मिनिटांत बॅकअप होतंय, मी बघितलो पण, सगळं येतंय. पण एक सांगू काय? आदी कसं, दुपारभर आपल्यासाठी कायतरी चाललंय असं वाटायचं. आता मागं कुणी न्हाय असं वाटायलंय."

*

खानापूर भागातल्या एका हायस्कुलात बापू म्हणून हेडक्लार्क होते. शाळेचे दाखले, निकाल, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर, आणि नक्कल एका बाहेरून जोडायच्या डिस्कवर. दसरा झाला की चार दिवसांनी बापूंचा फोन यायचा, बॅकअप बंद पडलं. तीन वर्षं मी जाऊन नीट करून आले. चौथ्या वर्षी विचारलं, "बापू, दसऱ्याला तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करतो म्हंजे? खंडेनवमीला पूजा करतो."

आमच्याकडं खंडेनवमीला विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याची पूजा होते, तशी शाळेत कॉम्प्युटरची. बापू ती बाहेरची डिस्क काढायचे, मऊ फडक्यानं पुसून पाटावर मांडायचे, हळद-कुंकू, झेंडू, नारळ सगळं यथासांग. मांडलेलं दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही. सुट्टी संपली की डिस्क परत कॉम्प्युटरला जोडायची, हाताला येईल त्या पोर्टात. आता कॉम्प्युटर प्रत्येक डिस्कला ओळखायला एक इंग्रजी अक्षर देतो. बापूंच्या त्या जुन्या यंत्रात जागा बदलली की अक्षर बदलायचं, ईची एफ व्हायची, आणि सॉफ्टवेअर ई शोधत बसायचं.

मी म्हटलं, "बापू, पूजा करा, पण डिस्क काढू नका. मॉनिटरची करा की."

बापूंनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "मॉनिटरात काय असतंय ओ मॅडम? सगळी इद्या हिच्यात हाय. पूजा हिचीच."

ते शंभर टक्के बरोबर होतं. बँकेतले साहेब लोकसुद्धा हे समजत नाहीत. पुढच्या वर्षी दसरा झाला तरी फोन नाही, म्हणून मीच काळजीनं गेले. कॉम्प्युटरच्या मागं एका पोर्टाच्या वर बापूंनी कुंकवाचं बोट उठवलं होतं. म्हणाले, "हिची जागा ही. आता चुकत न्हाय."

तेव्हापासून आमच्या दुकानात फोनवर कुणी विचारलं, डिस्क कुठं जोडू, तर अण्णा आधी विचारतात, "कुंकू लावलंय काय कुठं?"

*

नंदगडचे एक काका. मुलगा बेळगावात नोकरीला, त्याची डिस्क टकटक वाजायला लागली. ती सुट्टीत गावी नेलेली तशीच राहिली होती, म्हणून काका बसनं घेऊन आले. स्टीलचा डबा, आत तांदूळ, आणि तांदळात खोल खुपसलेली डिस्क. मोबाइल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, ते मी ऐकलेलं होतं. मला हसू आलं.

"काका, ही भिजली कुठं होती?"

"भिजली न्हाय. रस्ता बघितलायस काय तू? तांदळात हलत न्हाय."

डिस्कमधलं सगळं निघालं. कुरिअरनं खोक्यातून येणाऱ्या डिस्कचं निम्मंही निघत नाही. काका गेल्यावर अण्णांनी मला सांगितलं, "ते कंपनीचं थर्माकोल ठेवू नको. टाकून दे."

*

निपाणीजवळच्या एका खेड्यातले तात्या सर्व्हे खात्यातून निवृत्त झाले. जन्मभर जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले. आता घरी बसून घराण्याचे जुने कागद कॉम्प्युटरवर चढवतात. त्यांच्या डिस्कचे दोन भाग, सी आणि डी. सी तुडुंब भरला होता, डी बराचसा मोकळा. दोन्हींमधली रेघ डीकडं सरकवली की काम झालं. पण रेघ तसूभर हलेना. कारण बॅकअपच्या सॉफ्टवेअरनं आपली एक लपलेली फाइल डीमध्ये नेमकी त्या रेघेला खेटून ठेवली होती, आणि ती जागा सोडत नव्हती.

मी तासभर झटले. तात्या शेजारी बसून पडद्यावरचे ते दोन पट्टे बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, मधी कुणीतरी खोपट घातलंय व्हय?"

"व्हय तात्या. तसंच समजा."

"मग त्येला आदी दुसरीकडं जागा दे. बसणाऱ्याला जागा न देता हद्द हलवाय गेलीस तर जलमात हलायची न्हाय."

मी तेच केलं. बॅकअप बंद केलं, त्याची फाइल उचलून बाहेरच्या डिस्कवर बसवली, आणि रेघ ओढली. दहा मिनिटांत सरकली. तात्यांनी पडद्यावरच्या नव्या रेघेवर बोट ठेवलं.

"दहा मिनिटांत हद्द हलली?" ते म्हणाले. "आमच्या भागात हे कुणाला सांगू नगंस."

*

आमच्या सीमाभागात गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात. कडोलीचं सगळ्यांना ठाऊक आहे. हे दुसऱ्या गावचं, नाव सांगत नाही, कारण मला तिथं अजून जेवायला बोलावतात. तिथले गुरुजी संमेलनाची स्मरणिका करत होते. त्यांनी दोन डिस्क एकसारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं होतं. एका डिस्कवरचं काही हरवलं की ते दुसरीवरून आणून ठेवायचं, एवढंच त्याला कळायचं.

स्वागताध्यक्षांनी आपल्या खोंडावर चाळीस कडव्यांची कविता दिली होती. गुरुजींनी ती वाचली, आणि रात्री मनावर दगड ठेवून पुसून टाकली. सकाळी बघतात तर कविता जागेवर. परत पुसली, परत आली. चौथ्यांदा आली तेव्हा त्यांनी मला बोलावलं. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माझ्या कॉम्प्युटरवर कुणाचा तरी हात फिरायलाय. स्वागताध्यक्षाची माणसं असणार."

मी समजावलं, हात सॉफ्टवेअरचा आहे. तुम्ही पुसलेलं त्याला हरवल्यासारखं वाटतं. दोन्ही डिस्कवरून कसं पुसायचं ते दाखवायला मी कविता उघडली, आणि दार ढकलून स्वागताध्यक्षच आत आले. पडद्यावर आपलं खोंड बघून त्यांचा चेहरा फुलला.

"गुरुजी, अजून वाचायलाय व्हय? कितव्यांदा?"

गुरुजी खोटं बोलत नाहीत. "चार वेळा आली समोर," म्हणाले.

कविता दुसऱ्या पानावर चौकटीत छापली गेली. प्रकाशनानंतर गुरुजींनी मला एक प्रत दिली आणि म्हणाले, "तुमचं बॅकअप लई इमानी हाय ओ. पण त्याला साहित्यातलं काय कळत न्हाय."

*

शहापुरातल्या मारुतीमामांचे यंत्रमाग आहेत. अमावास्येला माग बंद ठेवायचे, हे त्यांच्या घरात पूर्वीपासून. बॅकअप मी महिन्याच्या शेवटच्या तारखेला लावून दिलं होतं. एकदा ते सुरू झालं, अर्ध्यावर आलं, आणि आतून सूनबाई म्हणाल्या की आज अमावास्या. मामांनी उठून डिस्कची वायर ओढली. लिहिता लिहिता वायर निघाली की डिस्क बिथरते. ती उघडेना.

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आले, अगदी शांत. थोडे खूशच वाटले मला. "बघ," म्हणाले, "अमुशाला सुरू केलेलं तडीला जात न्हाय."

"मामा, तुम्ही वायर ओढलीत म्हणून डिस्क गेली."

"वायर कशापायी वडली मी?"

"अमावास्या होती म्हणून."

"मग मी दुसरं काय म्हणायलोय?"

अण्णा कपाटामागं जाऊन हसून आले. डिस्क दुरुस्त झाली. आता दर पाडव्याला मी पंचांग घेऊन मामांकडं जाते आणि वर्षातल्या सगळ्या अमावास्या त्या सॉफ्टवेअरला सुट्टी म्हणून भरून देते. तेव्हापासून मामांचं बॅकअप एकदाही अडलं नाही, आणि याचं श्रेय ते मला देत नाहीत.

*

आता माझ्या चुकीचा किस्सा.

वडगावात माग दोन तऱ्हांनी चालतात. डिझाइन आपलं असेल तर साडी आपली. नसेल तर सूत दुसऱ्याचं, डिझाइन दुसऱ्याचं, आणि आपली नुसती मजुरी. वडगावचे परशरामआप्पा स्वतः डिझाइन काढायचे. काठ, पदर, बुट्टे, सगळं कॉम्प्युटरवर एकेक चौकोन भरून. तयार झालं की पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि मागाच्या यंत्राला नेऊन लावायचं. बायको शांताक्का, मूलबाळ नाही, चार माग. दोघांनी वर्षानुवर्षं मजुरी करून मग आपल्या डिझाइनवर माग उभे केले होते.

त्यांचं बॅकअप मी लावून दिलं. बाहेरची डिस्क, अक्षर ई. आप्पांना दाखवलं, "रोज इथं हिरवी खूण दिसली की समजायचं, बॅकअप झालाय." आप्पा रोज हिरवी खूण बघूनच कॉम्प्युटर बंद करायचे.

तीन वर्षांनी आप्पा अचानक गेले. महिनाभरानं माग परत चालू करावेत म्हणून शांताक्कांनी कॉम्प्युटर लावला, तर त्याची डिस्क मेलेली. त्या दुकानात आल्या आणि मला म्हणाल्या, "लगीनसराई तोंडावर आलीया. त्येंची डिझाइनं निघाली तर माग माझे. न्हाईतर चारी माग मजुरीवर घालाय लागत्यात. मला परत तिकडं जायचं न्हाय गं."

मी म्हटलं, "आक्का, काळजी नको. बॅकअप हाय."

मी बाहेरची डिस्क लावली. तिच्यात एकच फाइल होती, पहिल्या दिवशी मी चाचणी म्हणून टाकलेली. बाकी डिस्क कोरी.

काय झालं होतं ते शोधायला मला दोन दिवस लागले. मी लावून दिल्याच्या दुसऱ्याच सकाळी आप्पांनी पेनड्राइव्ह आधी जोडला आणि डिस्क नंतर. ई हे अक्षर पेनड्राइव्हला गेलं. पुढं रोज तोच क्रम, रोज तेच अक्षर. सॉफ्टवेअरला मी सांगितलं होतं ईवर लिही, ते इमानानं ईवर लिहीत राहिलं. आणि मागावर न्यायचा पेनड्राइव्ह आप्पा रोज हिरवी खूण बघून झाली की पुसून कोरा करून ठेवायचे, दुसऱ्या दिवसासाठी. हिरवी खूण खोटी नव्हती. बॅकअप रोज होत होता आणि रोज पुसला जात होता. अक्षर कायमचं बांधून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम, ते मी त्या दिवशी केलं नव्हतं.

पेनड्राइव्ह खरवडून बघितला. मेलेली डिस्क पुण्याला मोठ्या लॅबमध्ये पाठवली. दोन्हीकडून काही निघालं नाही. मला तीन रात्री झोप लागली नाही. वडगावला सांगायला निघाले तेव्हा अण्णांनी विचारलं, "मी येऊ काय संगट?" मी नको म्हटलं.

आप्पांच्या घरी मी त्याआधी किती वेळा गेले असेन, पण मागांचा आवाज नसलेलं ते घर मी पहिल्यांदा बघितलं. शांताक्कांना समोर बसवून सांगितलं, "आक्का, डिस्क मेली ती तिच्या मरणानं. पण नक्कल न्हाय ती माझ्यामुळं. आप्पांची काय चूक न्हवती. त्येनी मी सांगितलं तसंच केलं." मी रडले.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "म्हंजे त्येंचं काढलेलं आता कुठंच न्हाय?"

"कुठंच न्हाय."

"बस हितं."

आत जाऊन त्यांनी एक पत्र्याची ट्रंक फरफटत आणली आणि माझ्यासमोर उघडली. आत लुगडी होती. एकेक काढून त्या माझ्या मांडीवर ठेवत गेल्या, आणि बोलत गेल्या.

आप्पांची रीत अशी होती. नवं डिझाइन मागावर चढलं की पहिली साडी चुकायचीच. कॉम्प्युटरवर न दिसलेली चूक विणल्यावर दिसायची. मग आप्पा डिझाइन दुरुस्त करायचे, दुसरीपासून साड्या बाजारात जायच्या, आणि ती पहिली, चुकलेली, शांताक्कांना. एकही डिझाइन यातून सुटलं नव्हतं.

"आख्ख्या गावाच्या पोरींनी चांगली लुगडी नेसली ह्या घरची," शांताक्का म्हणाल्या, "आणि मी जलमभर चुकलेली. हे बग, राघूला चोच न्हाय. ह्याच्या येलाचं पान तुटलंय. हिथं कोयरी उलटी बसलीया. किती भांडली असंन मी ह्येच्यापायी. एक दिस तरी मला दुसरं लुगडं द्या म्हणलं. हसायचे नुसते."

एकोणीस लुगडी निघाली. एकोणीस डिझाइनं.

लगीनसराईची तीन आधी घेतली. रविवारी मी गुंजीहून यायची. शांताक्का लुगडं जमिनीवर पसरायच्या, भिंग घ्यायच्या आणि धागे मोजायच्या. "दोन धर. एक सोड. तीन धर. आता पाच सोड." मी कॉम्प्युटरवर चौकोन भरायची. चूक आली की आधी आहे तशी भरायची, आणि मग वेगळी फाइल करून दुरुस्त करायची. राघूला चोच मीच काढली. दोनदा बिघडली, तिसऱ्यांदा शांताक्का म्हणाल्या, "आता खातंय बग." त्या डिझाइनवर पहिला माग सुरू झाला तेव्हा मी मोटारीचं बटण दाबलं आणि शांताक्कांनी साडीच्या काठावर हात ठेवला. पावसाळा सरेपर्यंत चारी माग आप्पांच्या डिझाइनवर चालू झाले. मजुरीचं सूत त्या घरात आलं नाही.

शेवटच्या रविवारी एकोणिसावं डिझाइन पुरं झालं. प्रत्येकाच्या आता दोन फाइली होत्या, एक लुगड्यात होती तशी, चुकीसकट, आणि एक दुरुस्त केलेली, जिच्यावर माग चालत होते. मी नवीन डिस्क आणली होती. तिचं अक्षर कायमचं बांधलं. पेनड्राइव्ह आधी लावून बघितला, नंतर लावून बघितला, दहा वेळा काढला आणि घातला. मग बॅकअप सुरू करायच्या आधी सवयीप्रमाणं विचारलं.

"आक्का, आदी कुठल्याचा घेऊ? चुकलेल्याचा का दुरुस्त केलेल्याचा?"

शांताक्का बिनचोचीच्या राघूचं लुगडं घडी घालत होत्या. काठाला काठ जुळवला, हातानं दाबून घडी बसवली आणि लुगडं ट्रंकेत ठेवलं.

"चुकलेल्याचा घे," त्या म्हणाल्या. "बरोबर काय, कोणबी करतंय."

मी आधी चुकलेल्याचा घेतला, तीन वेगवेगळ्या डिस्कवर.